मावशींचा कॅसानोवा

नाटकाच्या जाहिरातीत लेखक असतो, दिग्दर्शक असतो. नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, वेशभूषा अशी सगळी खाती असतात. कपडेपट सांभाळणाऱ्या माणसाचं नाव बहुतेक वेळा नसतं. प्रयोगाच्या कितीतरी आधी येऊन पेटारे उघडायचे, इस्त्री करायची, नटाला धोतर नेसवायचं, विंगेतल्या अंधारात तोंडात टाचण्या धरून उभं राहायचं आणि पडदा पडल्यावर घामानं भिजलेले अंगरखे उलटे करून वाळत घालायचे, हे त्याचं काम. मी आज वेशभूषाकार म्हणून जे करते त्यातलं खरं शिक्षण अशाच एका कपडेपटवाल्याच्या बायकोकडून मिळालेलं आहे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. मी त्यांना मावशी म्हणायची.

मावशी मला भेटल्या त्या बेलपाड्यात. खारघर स्टेशनकडून महामार्ग ओलांडून आत आलं की सेक्टरांच्या आखीव रस्त्यांमध्ये हे गाव एकदम लागतं. आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. १९७० साली सिडको आली, ठाणे, पनवेल आणि उरणकडच्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या, आणि शेतं, खाजणं, मिठागरं यांच्या जागी इमारतींचे नकाशे आले. गावठाण तेवढं राहिलं. त्या गावठाणात लोकांनी घरांवर मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. खारघरच्या टॉवरमध्ये ज्याला परवडत नाही त्याला बेलपाड्यात खोली मिळते. माझ्या वेळी मेट्रोचे खांब उभे होते, पण वरून गाडी जात नव्हती. ती १७ नोव्हेंबर २०२३ला सुरू झाली आणि गावाच्या नावाचं स्टेशनही झालं. तोवर मावशी गेल्या होत्या.

मी सांगोल्याहून आले होते. खारघरच्या सेक्टर चारमध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था आहे, तिथे शिकत होते. बेलपाड्यातल्या एका चार मजली घरात दुसऱ्या मजल्यावर मी आणि एक मैत्रीण, आणि शेजारच्या खोलीत मावशी एकट्या. मालकीणबाई खालीच राहायच्या. घरात कार्य असलं की सगळ्या भाडेकरूंना जेवायला बोलवायच्या, मावशींना तर मानानं पहिल्या पंगतीला बसवायच्या, कारण गावातल्या लग्नांच्या चोळ्या त्याच शिवून द्यायच्या.

मावशी मूळच्या चिपळूणकडच्या. लग्न होऊन गिरगावात आल्या. यजमान नाटक कंपन्यांचा कपडेपट बघायचे. दौरा असला की तेही पेटाऱ्यांबरोबर टेम्पोत. घरी मावशी शिवायच्या, उसवायच्या, रफू करायच्या, पगड्यांचे निखळलेले मोती ओवायच्या. ऐतिहासिक नाटकाचा जामानिमा फार खातो, त्या म्हणायच्या. जरीचं कापड धुता येत नाही, उन्हात घालता येत नाही, आणि नट तर दिव्यांखाली भिजून जातो. म्हणून अंगरख्याच्या काखेत आतून कापडाची घडी कच्च्या टाक्यानं लावायची, प्रयोग झाला की ती काढून धुवायची आणि पुन्हा लावायची. प्रेक्षकाला ती कधीच दिसत नाही. नटाला मात्र हात वर करताना कळतं की ती आहे की नाही.

हे सगळं मला आधी गंमत म्हणून ऐकायला आवडायचं. त्याचं मोल कळलं ते एका इटालियन सिनेमामुळे.

वेशभूषेच्या इतिहासाच्या तासाला एक सिनेमा बघायला सांगितला होता. फेडेरिको फेलिनीचा ‘कॅसानोवा’. १९७६ सालचा. त्याच्या वेशभूषेसाठी डॅनिलो डोनाटी यांना १९७७ साली ऑस्कर मिळालं. त्यानंतर सहा वर्षांनी, १९८३ साली, हाच सन्मान जॉन मोलो यांच्यासोबत कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांना ‘गांधी’साठी मिळाला आणि तो पहिल्यांदाच एका भारतीय व्यक्तीच्या हाती आला. आमच्या वर्गाच्या भिंतीवर दोघांचीही नावं होती. एकानं जे काही भरजरी, फुगीर, अशक्य असं बनवता येईल ते बनवलं. दुसरीनं खादी, पंचा आणि गर्दीतल्या हजारो माणसांचे साधे कपडे खरे केले. या दोन टोकांमध्ये आम्हाला आमची जागा शोधायची होती.

जाकोमो कॅसानोवा हा काही कल्पनेतला माणूस नाही. १७२५ साली व्हेनिसमध्ये जन्मला, १७९८ साली बोहेमियातल्या डुक्स नावाच्या गढीत वारला. स्त्रियांना वश करणारा म्हणून त्याचं नाव साऱ्या युरोपात इतकं झालं की पुढे ते विशेषनामाचं सामान्यनाम होऊन बसलं. पण तो सेमिनरीत शिकलेला होता, व्हायोलिन वाजवायचा, लॉटरीच्या योजना आखायचा, किमया करतो असं सांगायचा, तुरुंगातून पळालेला होता, आणि उतारवयात एका सरदाराच्या ग्रंथालयात नोकरीला होता. तिथे बसून त्यानं फ्रेंचमध्ये आपलं आयुष्य लिहून काढलं. हस्तलिखिताची पानं साडेतीन हजारांच्या वर आहेत. २०१० साली फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी ते हस्तलिखित काही दशलक्ष युरोंना घेण्यात आलं.

फेलिनीला हा माणूस आवडत नव्हता, आणि त्यानं ते कधी लपवलं नाही. त्या आठवणी वाचताना त्याला कंटाळा आला, किळस आली, आणि त्या किळसेतूनच त्यानं सिनेमा केला. डोनाल्ड सदरलँड हा उंच, किडकिडीत कॅनेडियन नट घेतला, त्याचं कपाळ अर्ध्या डोक्यापर्यंत भादरलं, नकली नाक आणि नकली हनुवटी लावली. व्हेनिस दाखवायचं तर व्हेनिसला गेलाच नाही, सगळं रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत उभं केलं. सिनेमात ओढ नाही, देखणेपणा नाही. शय्येच्या प्रसंगात एक यांत्रिक पक्षी पंख हलवत वरखाली होतो, निनो रोटाचं संगीत चावी दिलेल्या खेळण्यातून आल्यासारखं वाजतं, आणि नायक घाम गाळत कवायत करतो. सुरुवातीला कालव्यातून एका देवतेचं भलंमोठं मस्तक दोरांनी वर ओढलं जातं, दोर तुटतात, ते पुन्हा बुडतं. शेवटी गोठलेल्या पाण्यावर तो एका लाकडी बाहुलीबरोबर नाचतो.

हा सिनेमा आला तेव्हापासून त्यावर तट पडलेले आहेत. कुणी म्हणतं, फेलिनीचं हे सगळ्यात धाडसी काम. कुणी म्हणतं, मोठ्या पैशानं सजवलेलं प्रेत. आमच्या वर्गातही तेच झालं. अर्ध्यांना तो अश्लील वाटला, बाकीच्यांना निर्जीव. दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या असतील यावर आमचं खूप भांडण झालं. मला तर तो अर्ध्यावर सोडावासा वाटला होता. पण निबंध लिहायचा होता, म्हणून लॅपटॉपवर पुन्हा लावून मी कपड्यांची रेखाटनं काढत बसले. दार उघडं होतं. मावशी शिवायला घेतलेली चोळी हातात घेऊन आत आल्या आणि मोरीच्या कट्ट्याला टेकून बघू लागल्या.

मी घाईनं पडदा खाली करायला गेले. त्या म्हणाल्या, “राहू दे गं. नाटकवाल्यांच्या घरात आयुष्य गेलंय माझं.”

त्या पहिल्यांदा बोलल्या त्या समुद्राबद्दल. वादळात कॅसानोवा होडी वल्हवत येतो तो प्रसंग. फेलिनीनं तिथे पाणी घेतलेलं नाही. काळ्या प्लास्टिकच्या अवाढव्य पट्ट्या पसरून त्या खालून हलवल्या आहेत, आणि ते तो लपवतही नाही. मावशींनी चष्मा पुसला आणि विचारलं, “किती वार लागलं असेल?” मग म्हणाल्या, “हे प्लास्टिक शिवता येत नाही. सुई घातली की फाटतं. चिकटवलं असणार.” आमच्या डोक्यावरच्या गच्चीवर पावसाळ्यासाठी तसलीच ताडपत्री अंथरलेली होती, आणि वाऱ्यानं ती रात्रभर तसलाच आवाज करायची. मी आवाज कमी केला तेव्हा दोन्ही समुद्र एकदम ऐकू आले.

मावशींना सिनेमाची गोष्ट मी जुजबी सांगत होते. इटालियन त्यांना कळत नव्हतं, इंग्रजी अक्षरं वाचायला वेळ लागायचा. म्हणून त्या वाचतच नव्हत्या. त्या फक्त कपडे बघत होत्या. आणि बऱ्याच वेळानं त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे कुठल्याही समीक्षेत वाचलेलं नाही.

“हा माणूस कपडे काढतच नाही,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “मावशी, सगळा सिनेमा त्याच्यावरच तर आहे.”

“बघ नीट. बायका काढतात. हा वरचा कोट काढतो, खालचं काढत नाही.”

मी मागे जाऊन बघितलं. जोगिणीबरोबरचा प्रसंग, नंतरचे एकेक प्रसंग. खरंच, सदरलँडच्या अंगावर प्रत्येक वेळी ती पांढरी घट्ट बंडी आहे, पोट आवळणारी, आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. डोनाटींनी ती इतकी काळजीपूर्वक बनवली आहे की ती त्याची दुसरी कातडी होऊन बसते. स्त्रियांना वश करणारा म्हणून जगाला ठाऊक असलेला माणूस या सिनेमात कुणासमोरही उघडा होत नाही.

मावशी म्हणाल्या, “नट असाच असतो. दोन प्रवेशांच्या मध्ये बदलायचं असेल तर आतलं काढायला वेळच नसतो. वरचं फेकायचं, दुसरं चढवायचं, आणि जायचं. हा मध्यंतरातच जगतोय.”

हे त्यांनी चोळीला हूक लावता लावता सांगितलं. मी रेखाटनाची वही बाजूला ठेवली, आणि त्या दिवसापासून सिनेमा आम्ही तुकड्या-तुकड्यानं, रात्री जेवणं झाल्यावर बघू लागलो.

त्या पहिल्या प्रसंगाला आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. बेटावरच्या घरात जोगीण आहे, आणि भिंतीआड लपून फ्रेंच राजदूत सगळं पाहतो आहे. खेळ संपतो. कॅसानोवा कपडे सावरतो आणि त्या भिंतीशी बोलायला लागतो: मला स्थापत्य येतं, राजकारण कळतं, किमया येते, मोठ्या माणसाकडे माझी शिफारस करा. बोलत राहतो, आणि मग कळतं की पलीकडे कुणी नाही. बघणारा बघून निघून गेला. त्याला एवढंच हवं होतं. सिनेमाभर हेच होत राहतं. प्रत्येक दरबारात तो आपली विद्या घेऊन जातो, आणि प्रत्येक दरबार त्याच्याकडून एकच खेळ करून घेतो. रोममध्ये तर एका मेजवानीत त्याची आणि एका गाडीवानाची शर्यत लावतात, पैजा लागतात. ती शर्यत मावशींनी बघितली नाही. उठून गॅसवर दूध ठेवायला गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, “आमच्याकडे एक विनोदी नट होते. त्यांना शोकांतिका करायची होती फार. लोक त्यांना स्टेजवर बघितलं की हसायचे. बोलायच्या आधी हसायचे. विंगेत आले की रडायचे ते, आणि हे त्यांचे डोळे पुसून पुन्हा फेटा बांधायचे.”

निबंधात मी हे सगळं लिहिलं. कॅसानोवा हा भोगणारा नसून राबणारा माणूस आहे, आणि डोनाटींची बंडी हे त्याच्या राबण्याचं कापड आहे, असं मांडलं. शिक्षकांना ते आवडलं. मावशींचं नाव निबंधाच्या शेवटी आभारात घातलं होतं, तेव्हा एका वर्गमैत्रिणीनं विचारलं की या कुठल्या प्राध्यापिका.

दुसरी गोष्ट ‘घाशीराम’ची. एका रात्री मावशींनी विचारलं, “हा कधीचा?” मी म्हटलं, सिनेमा १९७६चा, माणूस अठराव्या शतकातला. त्या जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे नाना फडणवीसांच्या वेळचा.” बरोबरच होतं. नाना फडणवीस जन्मले १७४२ साली, गेले १८०० साली. कॅसानोवा मेला त्याच्या दोन वर्षं आधी. एकजण व्हेनिसमधून पळालेला, दुसरा पुण्याचा कारभार हाकणारा, आणि दोघांनीही आपली हकिकत स्वतः लिहून ठेवलेली. नानांची पानिपतापर्यंतच येते.

मावशींना खऱ्या नानांशी कर्तव्य नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे विजय तेंडुलकरांच्या नाटकातला नाना होता. १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात पीडीए या नाट्यसंस्थेनं ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग केला, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं, आणि नाना झालेले मोहन आगाशे. नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून वादळ उठलं, संस्थेनं प्रयोग थांबवले, नाटकातली मंडळी बाहेर पडली आणि थिएटर ॲकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. आणि १९७६ साली, म्हणजे फेलिनीचा ‘कॅसानोवा’ आला त्याच वर्षी, मराठीत ‘घाशीराम कोतवाल’ सिनेमाही झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी मंडळी जमवून तो केला. दिग्दर्शकांमध्ये मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप. घाशीराम झाला ओम पुरी, त्याचा हा पहिलाच सिनेमा. पडद्यावरचा नाना पुन्हा आगाशेच. तोही सिनेमा असाच, सरळ गोष्ट न सांगणारा, इतिहास आणि स्वप्न एकात एक मिसळणारा, काहींना फार मोठा वाटलेला आणि काहींना मुळीच न पचलेला. पुढे बर्लिनच्या आर्सेनल संस्थेनं तो जतन करून पुन्हा पडद्यावर आणला.

मावशींनी नाटक पाहिलं होतं, मुंबईत, यजमानांबरोबर. घरी येईपर्यंत दोघांचं भांडण चाललं होतं म्हणे. यजमानांना नानांची ती अवस्था सहन झाली नव्हती. “आणि तुम्हाला?” मी विचारलं. “मी कपडे बघत होते,” त्या म्हणाल्या. “धोतर, उपरणं, पगडी. एवढ्यात सगळं नाटक. तीच माणसं भिंत होतात, तीच वळली की देवळात आलेली. एक शिवणही नाही त्यात, नुसतं नेसणं.” आणि मग पुढचं वाक्य त्यांनी सहज टाकलं: “त्याच्या अंगावरचं सुटत जातं. ह्याच्या अंगावरचं आवळत जातं.”

माझ्या मते या विषयावर बोलण्यासारखं जे काही आहे ते या दोन वाक्यांत आहे. तेंडुलकरांचा नाना कुणालाही भीत नाही. कोतवालीच्या बदल्यात घाशीराम पोटची पोर आणून देतो. सत्ता असलेल्या माणसाची वासना सैल असते, तिला आपलं रूप सांभाळावं लागत नाही, ती उपरणं पडलं तरी उचलत नाही. फेलिनीच्या कॅसानोवाकडे घर नाही, गाव नाही, पद नाही. तो जन्मभर परक्याच्या दिवाणखान्यात पाहुणा आहे, आणि पाहुण्याला नीटनेटकं राहावं लागतं. म्हणून त्याची वासनासुद्धा कवायतीसारखी आहे. एकाच वर्षी, इथे आणि तिथे, दोन सिनेमे या दोन टोकांवर उभे राहिले. मी हे पुढे व्याख्यानांत सांगितलं, लेखांत लिहिलं. लोक मला श्रेय देतात. ते बेलपाड्यातल्या एका खोलीत पोचायला हवं होतं.

आता तिसरी गोष्ट, जिच्यामुळे हे लिहायला बसले.

ड्रेस्डेनच्या नाट्यगृहाचा प्रसंग आहे. संगीतिका संपलेली, प्रेक्षक गेलेले. छतावरची प्रचंड झुंबरं दोरांनी खाली उतरवतात आणि माणसं मोठमोठ्या पंख्यांनी वारा घालून मेणबत्त्या विझवतात. रिकाम्या नाट्यगृहात कॅसानोवा एकटा उरतो. आणि वरच्या एका कक्षातून म्हातारी बाई हाक मारते. ती त्याची आई. ती त्याच्याशी तुटकच बोलते, टोमणे मारते. चालता येत नाही म्हणून तो तिला पाठुंगळीला घेतो आणि खाली गाडीपर्यंत नेतो. गाडी निघून जाते.

इतिहासातही कॅसानोवाचे आईवडील नटच होते. आई झानेट्टा दौऱ्यांवर असायची, पुढे ड्रेस्डेनला स्थायिक झाली, तिथेच वारली. पोराला वाढवलं आजीनं. नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याला व्हेनिसहून पाडुआला ठेवलं, आणि तिथल्या पहिल्या घरात त्याचे फार हाल झाले. मी मावशींना हे सांगत होते, आणि माझ्या बोलण्यात त्या आईबद्दल राग होता. मी म्हटलं, बघा ना, आईनं टाकलं म्हणून हा असा सगळ्या बायकांमागे हिंडला.

मावशींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, “त्या बाईला काही बोलू नको, बाय.”

मग हळूहळू सांगितलं. त्यांना एक मुलगा आहे हे मला माहीत होतं, तो चिपळूणला असतो, कधीतरी फोन येतो, एवढंच. तो दोन वर्षांचा होईपर्यंत पेटाऱ्यावर झोपायचा. गिरगावातली खोली कपड्यांनी भरलेली, एका बाजूला जरतारी, दुसऱ्या बाजूला पगड्यांचे डबे, मध्ये शिवणयंत्र. यजमान दौऱ्यावर, आणि नाटकं जोरात होती तेव्हा मावशींनाही बरोबर जावं लागायचं, कारण नायिकांच्या नऊवाऱ्या नेसवायला बाई लागायची. बसमध्ये पोराला ताप भरला होता एकदा. त्यानंतर त्यांनी त्याला गावाला आईकडे ठेवलं. “चार महिन्यांसाठी म्हणून ठेवला,” त्या म्हणाल्या. तो तिथेच शिकला, तिथेच मोठा झाला. मावशी शिमग्याला आणि गणपतीला जायच्या, नवे शिवलेले कपडे घेऊन. कपडे अंगाला कधी बरोबर यायचे नाहीत. मापं नव्हती त्यांच्याकडे.

“सगळ्या जगाची मापं तोंडपाठ होती मला. त्याच्याच मापाला चुकायचे.”

मी काही बोलू शकले नाही. लॅपटॉपवर प्रसंग थांबलेला होता, म्हातारी पोराच्या पाठीवर. मावशी बराच वेळ तिकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “घेतलान ना तिला पाठीवर? आपण होऊन घेतलान. मग झालं.”

फेलिनीनं त्या प्रसंगात काय म्हटलं आहे ते मला ठाऊक आहे. त्यानं आईला कठोर केलं आहे, आणि मुलाला केविलवाणं. मावशींनी त्याच चित्रातून दुसरं काही काढून घेतलं आणि त्यावर त्यांचा हक्क होता. त्या नाटक कंपन्यांच्या बिऱ्हाडातल्या होत्या, फेलिनी नव्हता. झुंबरं विझवणाऱ्या माणसांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या होत्या, “ही आमची माणसं.” प्रेक्षक गेल्यावर ज्यांचं काम सुरू होतं ती माणसं सिनेमात दाखवल्याबद्दल त्यांनी फेलिनीला पुष्कळ माफ केलं.

बाहुलीचा प्रसंग मात्र त्यांना खपला नाही. एका दरबारात रोझाल्बा नावाची यांत्रिक बाहुली असते, कॅसानोवा तिच्याबरोबर नाचतो आणि रात्र काढतो. सगळ्या सिनेमात तो कोमल होतो तो फक्त तिच्याशी. मी सांगितलं की ही खरी नटी आहे, बाहुलीचं सोंग केलेली. मावशी अस्वस्थ झाल्या. “बसत कशी असेल ती? पाठीला काय घातलं असेल? पाणी प्यायची सोय ठेवली असेल का?” त्या घागऱ्यात ती नटी दिवसभर उभी राहिली असणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी बोटानं पडद्यावर दाखवलं, शिवण इथून उघडायला हवी, म्हणजे मधल्या वेळात तिला श्वास घेता येईल. मी आज कुठल्याही नटीसाठी घट्ट कपडा करते तेव्हा त्याला एक आडबाजूची चुणी ठेवते, जी एका हातानं सुटते. शिवणारे विचारतात ही कशाला. ती मावशींची जागा आहे.

डुक्सच्या गढीतला म्हातारा कॅसानोवा त्यांनी मन लावून पाहिला. नोकर त्याची टर उडवतात, त्याला हवी तशी मॅकरोनी मिळत नाही म्हणून तो कुरकुरतो, जुन्या थाटाचा पोशाख करून तरुण पाहुण्यांपुढे कविता म्हणायला उभा राहतो आणि ते तोंड लपवून हसतात. मावशी म्हणाल्या, पोशाख जुना आहे पण इस्त्री आहे, बघ. एवढ्या म्हातारपणी स्वतःच केली असणार.

त्यांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. मी पहिल्या कामाचे पैसे आले तेव्हा साडी आणली, ती त्यांनी मालकीणबाईंच्या सुनेला ओटीत दिली. शिकवते आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. शेजारच्या पोरीबरोबर सिनेमा बघत बसल्या होत्या, एवढंच. माझं शिक्षण संपल्यावर मी दादरला राहायला गेले. पुढे मावशींचे डोळे अधू झाले, आणि मुलगा येऊन त्यांना चिपळूणला घेऊन गेला. सामान उतरवायला मी आले होते. जिन्यावर त्यांचे गुडघे चालेनात, तेव्हा तो खाली वाकला आणि त्यांना उचलून दोन मजले उतरला. त्या त्याला ओरडत होत्या, सोड म्हणत होत्या. मी वरून बघत होते. मालकीणबाई रडल्या. मावशी गेल्याचा फोन त्यानंतर काही वर्षांनी त्यानंच केला. त्याला माझं नाव माहीत होतं, आणि “तो सिनेमा” म्हणजे कुठला, हेही त्यानं विचारलं. मी त्याला ड्रेस्डेनचा प्रसंग सांगितला, बाकीचा सांगितला नाही.

गेल्या वर्षी एका नव्या नाटकाचं काम आलं. उतारवयातल्या फडमालकाची भूमिका. तरुणपणी बायांच्या भानगडींसाठी गाजलेला, आता कुणी विचारत नसलेला माणूस. मी त्याचा वरचा कोट भडक केला, दिग्दर्शकांना हवा होता तसा. आत घालायची बंडी मात्र स्वतः बसून शिवली, पांढरी, कमरेला बंद, आणि नटाला सांगितलं की तालमीच्या पहिल्या दिवसापासून हीच घालायची, सगळ्या अंकांत, कितीही उकडलं तरी. काखेत कच्च्या टाक्याच्या घड्या होत्या. त्यांनी ती घातली, हात वर केले, खाली केले, आणि विचारलं की बाई, हे प्रेक्षकाला दिसणारच नसेल तर कशासाठी. मी त्यांना बेलपाड्याच्या खोलीपासून सांगायला सुरुवात केली. दिग्दर्शक येऊन बसले, मग प्रकाशवाले, मग कपडेपटाचा पोरगा इस्त्री बाजूला ठेवून. त्या दिवशी तालीम उशिरा सुरू झाली.